एनडीटी सोसायटीच्या लोकल चॅप्टरची मेंबरशिप: १४ महिन्यांनंतरचा अनुभव

मेंबरशिपचे पैसे भरले तेव्हा बायको म्हणाली, ह्यातून आपल्याला मिळणार काय? मला धड सांगता आलं नव्हतं. आता १४ महिने झालेत, रिन्यूअलचा मेसेज येऊन पडलाय, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो, कुणाला जॉइन व्हायचं असेल तर बघा उपयोग होतो का.

माझं थोडक्यात, यूटी एमटी पीटी (आवाजाने, चुंबकाने आणि रंगीत द्रवाने दोष शोधायच्या मेथड) लेव्हल टू, म्हणजे तीनपैकी मधली पायरी, १२ वर्षं झाली ह्या लाइनला, आधी एका फॅब्रिकेशन कंपनीत होतो आता एका एजन्सीकडून साइटवर फिरतो. टाक्या, प्रेशर व्हेसल, क्रेनचे हुक, शटडाउनला (प्लांट दुरुस्तीसाठी बंद असताना) पाइपलाइन, जे येईल ते. एनडीटी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जॉब, म्हणजे तपासायची वस्तू, न कापता न फोडता आतला दोष शोधायचा. माठ घेताना टिचकी मारून आवाज ऐकतो ना आपण, तेच, फक्त आमची टिचकी काही लाखांची असते आणि नंतर रिपोर्टवर सही करावी लागते.

आपल्या देशाची एनडीटीवाल्यांची संस्था आयएसएनटी, १९८९ सालची, मुख्य ऑफिस चेन्नईला आणि शहरोशहरी चॅप्टर. अमेरिकेची तशीच संस्था एएसएनटी १९४१ पासूनची, तिचाही इंडिया सेक्शन आहे. मी कुठल्या संस्थेत आणि कुठल्या गावच्या चॅप्टरला, ते मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे थोड्या तक्रारी पण आहेत आणि आमची लाइन एवढीशी आहे की उद्या सकाळी फोन येईल. फी किती ते पण तिथेच विचारा, माझ्या हिशोबाने यूटी मशीनच्या एका बऱ्यापैकी प्रोब केबलच्या आतबाहेर.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. मेंबर झालं की लेव्हल टू होतं असं बऱ्याच पोरांना वाटतं. नाही होत. मेंबरशिप वेगळी, सर्टिफिकेशन वेगळं. एसएनटी-टीसी-१ए ह्या एएसएनटीच्या डॉक्युमेंटप्रमाणे तर सर्टिफाय करणारा तुमचा एम्प्लॉयर असतो, त्याची रिटन प्रॅक्टिस (कंपनीची लेखी नियमावली) असते, आणि कंपनी सोडली की तिथलं सर्टिफिकेशन तिथेच राहतं. हे मला नोकरी लागून चार वर्षं झाल्यावर कळलं, कारण सुरुवातीला मी एका कोचिंगवाल्याकडे सहा दिवसांत पाच मेथडची लेव्हल टू करून आलो होतो. सहा दिवस! कमी शिकलेल्यांसाठी त्याच डॉक्युमेंटमध्ये यूटीला लेव्हल वनचे ४० आणि टूचे ४० तास ट्रेनिंग आहे, आरटीला (एक्स-रे किंवा गॅमा किरणांनी फिल्मवर फोटो काढायची मेथड) तेवढंच, म्हणजे दोन मेथडचेच १६० तास झाले आणि सहा दिवसांचे एकूण तास होतात १४४, रात्री झोपलं नाही तरी. वडिलांनी त्या कोर्ससाठी सोसायटीतून कर्ज काढलं होतं, ती सोसायटी अर्थात वेगळी. जाऊ दे.

चॅप्टरमध्ये होतं काय तर महिन्यातून एक संध्याकाळचं टेक्निकल टॉक, अधूनमधून शनिवारी प्रॅक्टिकल, वर्षात एक-दोन वर्कशॉप, कॉलेजला व्हिजिट आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

टॉकचं खरं सांगतो, पहिल्या तीन टॉकनंतर मी पैसे बुडाले असंच धरून चाललो होतो. तिन्ही टॉक मशीन विकणाऱ्यांचे. फेज्ड अ‍ॅरे ह्या नव्या प्रकारच्या यूटीचं रंगीत चित्र, आमचं मशीन किती हलकं, आमचं सॉफ्टवेअर किती सोपं, मग चहा, सामोसा, व्हिजिटिंग कार्ड. आणि सगळं इंग्लिशमध्ये. पुढच्या दोन रांगांत मॅनेजर आणि प्राध्यापक प्रश्न विचारणार, मागच्या रांगांत आम्ही प्रत्यक्ष प्रोब (यूटी मशीनचा आवाज सोडणारा आणि ऐकणारा तुकडा) हातात धरणारे गप्प. एकदा चहाच्या वेळी माझ्या शेजारचा आरटीवाला म्हणाला, अरे ह्याने जे सांगितलं ते मी रोज करतो पण त्याला असं म्हणतात हे आज कळलं. ही तक्रार आम्ही चार-पाच जणांनी कमिटीच्या एका सरांकडे केली, मला वाटलं वाईट वाटेल त्यांना, पण पुढच्याच महिन्यात फिल्म रीडिंगवर, म्हणजे आरटीची फिल्म बघून दोष ओळखण्यावर, एका रिटायर्ड सरांचं टॉक मराठीत ठेवलं.

ते टॉक काय सांगू. दोन तास बसलो, सामोसा थंड झाला. फिल्मवर जे जे दिसतं आणि जे जॉबमध्ये नसतं, फक्त त्यावर बोलले ते. नखाएवढी चंद्रकोर दिसते बघा फिल्मवर, ती फिल्म हाताळताना मुडपल्याने येते, आणि एक्स्पोजरच्या (फिल्मवर किरण सोडण्याच्या) आधी मुडपली असेल तर चंद्रकोर फिकी, नंतर मुडपली असेल तर काळी. म्हणजे चूक कुणाची तेही चंद्रकोर सांगते, लोड करणाऱ्याची का डार्करूमवाल्याची. मी आरटीवाला नाही तरी घरी येऊन पोराला हे सांगत बसलो होतो, त्याला अर्थातच काही पडलेलं नव्हतं.

पण मेंबरशिपचे पैसे वसूल झाले ते शनिवारच्या प्रॅक्टिकलला, एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितोय.

एका मेंबरच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या शेडखाली टेबल लावलेलं, त्यावर २० मिमीची वेल्ड केलेली प्लेट, सिंगल व्ही (एकाच बाजूने व्ही आकाराची खाच करून भरलेला वेल्ड), आत मुद्दाम घातलेले दोष, किती ते सांगत नाहीत. आम्ही सहा जण, सगळे लेव्हल टू, सगळ्यांना तेच मशीन, तोच ६० डिग्रीचा, म्हणजे तेवढ्या कोनात तिरका आवाज सोडणारा प्रोब, एकेकाला २० मिनिटं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं आणि रिपोर्ट कागदावर लिहून उलटा ठेवायचा. आमचे लेव्हल थ्री सर, सत्तरीचे असतील, कोपऱ्यात स्टूलवर बसून पेपर वाचत होते.

सहा कागद सुलटे केले तर सहा वेगळे रिपोर्ट. १२ वर्षांचा मी, एक तीन वर्षांचा पोरगा, एक १८ वर्षं काढलेला, कुणाचं कुणाशी जुळेना. सर हसले नाहीत, ओरडले पण नाहीत. त्या तीन वर्षांवाल्याने वेल्डच्या मधोमध क्रॅक लिहिला होता. सर म्हणाले दाखव. त्याने प्रोब मागे नेला, स्क्रीनवर इको (परत आलेल्या आवाजाची खूण) एकदम टवटवीत उभा. सरांनी प्रोबखाली लावतात ते खळीसारखं कपलंट बोटाला लावलं आणि वेल्डच्या कॅपवर, म्हणजे वरच्या फुगवट्यावर, बोट टेकवून हलकेच थापटायला लागले. टप टप टप. प्रत्येक टपला स्क्रीनवरचा इको खाली दबायचा, बोट उचललं की वर. म्हणजे तो क्रॅक नव्हताच, आवाज वर कॅपपर्यंत जाऊन तिथून परत येत होता, ओलं बोट तो शोषून घेत होतं. पोरगं बघतच राहिलं. पुस्तकात हे मी पण वाचलेलं होतं, पण कुणाला करताना पहिल्यांदा पाहिलं, कारण साइटवर कोण कुणाला दाखवतो, प्रत्येकाला आपापला रिपोर्ट देऊन सुटायचं असतं.

मग माझी पाळी. मी दोन दोष बरोबर काढले होते पण एक सुटलेला, ३० मिमी लांब, साइडवॉल लॅक ऑफ फ्युजन, म्हणजे वेल्ड खाचेच्या भिंतीला नीट चिकटलेलाच नाही. हा सुटावा? सर म्हणाले परत स्कॅन कर आणि मी बघतो. मी केलं. ते म्हणाले, तुझा हात मागे का जात नाही रे?

आणि खरंच जात नव्हता. हिशोब सोपा आहे, ३० डिग्रीचा बेव्हल (खाचेच्या भिंतीचा तिरकेपणा) म्हटल्यावर त्या भिंतीवर काटकोनात आवाज पाडायचा तर ६० चा प्रोब हवा आणि आवाज खालून टप्पा खाऊन वर येताना भिंतीवर पडायला हवा. २० मिमी प्लेटला ६० डिग्रीने पहिला टप्पा साधारण ३५ मिमीवर आणि वर परत पोचतो ६९ वर. दोष होता वरून पाच-सहा मिमी खाली, म्हणजे प्रोब चांगला मागे न्यायला हवा. मी मात्र वेल्डपासून तीन-चार बोटं मागे जायचो आणि परत पुढे. का, तर १२ वर्षं मला फॅब्रिकेशनवाल्यांनी तेवढीच पट्टी साफ करून दिली. त्याच्या मागे स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) असतो, प्राइमर असतो, प्रोब बसत नाही. समोरची सॅम्पल प्लेट तर पूर्ण गुळगुळीत होती, कुणी अडवत नव्हतं, हातच आपोआप थांबत होता. त्या रात्री झोप लागली नाही नीट. किती टाक्यांवर सही केलीये मी.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. म्हणाले, आधी जाड प्लेटचे जॉब आठव, कुठे कुठे आहेत ते लिहून काढ, आणि एजन्सीला सांग. सांगितलं. एजन्सीत सांगताना काय झालं ते इथे लिहीत नाही, पण दोन जॉब परत तपासले, दोन्ही ठीक निघाले.

बाकी अ‍ॅक्टिव्हिटी पटापट सांगतो. ८ नोव्हेंबरला, म्हणजे १८९५ साली रॉन्टजेनला ज्या दिवशी एक्स-रे सापडले त्या तारखेला, रेडिएशन सेफ्टीचा कार्यक्रम होता, तो चांगला झाला. आरटीत किरणांसाठी वापरतात त्या इरिडियमची हाफ लाइफ (ताकद निम्मी व्हायचा काळ) ७४ दिवस, वाशीच्या ब्रिट ह्या सरकारी संस्थेकडून नवीन सोर्स यायला वेळ लागला की अडीच महिन्यांत एक्स्पोजरचा वेळ दुप्पट होतो, मग रात्रीचं शूटिंग पहाटेपर्यंत चालतं आणि पोरं दमली की शॉर्टकट मारतात. किरण मोजायचा सर्व्हे मीटर गाडीत, अंगावर लावायचा डोस मोजणारा टीएलडी बॅज ऑफिसमध्ये खुंटीला, कारण डोस जास्त दिसला तर काम बंद करतील ही भीती. वर्षाला ३० मिलिसिव्हर्टच्या वर जायचं नाही आणि पाच वर्षांची सरासरी २०, हे पाठ सगळ्यांना असतं, पण खुंटीवरच्या बॅजला काय कळणार. २०१० ला दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात किरणोत्सर्गी कोबाल्ट निघाला होता, एक माणूस गेला त्यात, त्याबद्दल बोलणं निघालं तेव्हा हॉलमध्ये कुणी मोबाइल बघत नव्हतं.

डोळे तपासणी ठेवली होती एकदा. नियमाप्रमाणे दरवर्षी जवळचं वाचून दाखवावं लागतं, १२ इंचावरून जेगर दोन नंबरचं अक्षर. कंपन्यांमध्ये हे बहुतेक कागदावरच होतं. मी वय ४१, कार्ड हळूहळू लांब धरायला लागलो तर त्या बाई म्हणाल्या हात आखडता घ्या. आता चष्मा आहे.

पॉलिटेक्निकला गेलो होतो यूटी मशीन, यॉक (एमटीचं हातात धरायचं विजेवरचं चुंबक) आणि भेग गेलेला एक कनेक्टिंग रॉड घेऊन. यॉक लावून लोखंडाची पावडर फुंकली की भेगेवर काळी रेघ आपोआप उमटते, पोरांनी चारदा करायला लावलं. यूटी मशीनकडे कुणी फिरकलं नाही, बिचारं महागाचं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्युट करून ठेवा. गुड मॉर्निंग, गल्फमधल्या शटडाउनच्या जाहिराती, आणि सालागणिक फिरणारी तीच क्वेश्चन बँक. पण एकदा साइटवर व्ही टू ब्लॉक (यूटी मशीन जुळवून घ्यायचा लोखंडी ठोकळा) न्यायला विसरलो, ग्रुपवर टाकलं तर दीड तासात कुणीतरी बाइकवर आणून दिला, ओळख ना पाळख.

वार्षिक सभेला जाऊ नका सांगत नाही पण अपेक्षा ठेवू नका. कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी त्याच लोकांची सभा, कमिटीत तीच नावं. टेक्निशियनमधून एक तरी घ्या म्हणून मी उठून बोललो तर म्हणाले चांगली सूचना आहे, नोंद घेतो. नोंद मिनिट्समध्ये काही दिसली नाही. शिवाय प्रॅक्टिकल वर्षात चारच झाले, टॉक मात्र दहा. उलटं पाहिजे. दूरच्या तालुक्यातून येणाऱ्याला सहाचं टॉक जमत नाही, त्याची सोय नाही.

नोकरी मिळेल म्हणून जॉइन होणार असाल तर नका होऊ. मी रिन्यू करतोय, बायकोला पण सांगितलंय.

पुढच्या शनिवारची प्लेट मी आणणार आहे, २५ मिमीची, आमच्याच वेल्डरकडून दोष घालून घेतलेली, किती ते सांगत नाही. आणि साइटवर आता मी काम सुरू करायच्या आधी खडूने रेघ मारून देतो, २० मिमीला वेल्डच्या दोन्ही बाजूंनी १०० मिमी साफ पाहिजे. परवा ग्राइंडरवाल्याने रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मशीन बंद केलं आणि विचारलं, साहेब, अख्खी टाकीच घासू का?