गोल्फचे मैदान निवडताना: ड्रोनचित्रण की पूर्ण फेरीचा व्हिडिओ?

चेंबूरच्या मैदानावर नेहमी भेटणारे एक ज्येष्ठ स्नेही दिवाळीनंतर सहकुटुंब ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टला जावे की आंबी व्हॅलीला, हे ठरवण्यासाठी व्हिडिओ पाहत होते. पण कोणत्या व्हिडिओवर विसंबावे, हेच त्यांना कळेना.

चढउताराच्या बाबतीत ड्रोनचित्रण फसवे ठरते, कारण उंचावरून खाली पाहिले की उतारही सपाट भासतो. खेळाडूच्या पाठीमागून टिपलेल्या 18 होलच्या पूर्ण फेरीत मात्र चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पडून डावीकडे घरंगळताना दिसतो, बंकरमधली ओली वाळू दिसते आणि एका ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंतची (होलचा पहिला फटका मारतात त्या जागेपर्यंतची) चढण किती दमवणारी आहे, हेही उमगते. ही माहिती मला सर्वांत मोलाची वाटते. ऋतूबाबत दोन्हींकडे सावधपणे पाहावे: सह्याद्रीत ऑगस्टमध्ये हिरवागार दिसणारा रफ (कडेचे वाढू दिलेले गवत) मे महिन्यात पिवळा पडतो, म्हणून चित्रणाचा महिना आधी तपासावा. वेळेच्या हिशेबात ड्रोनचित्रण सरस आहे. काही मिनिटांत मैदानाची मांडणी, पाण्याचे अडथळे आणि निवासापासूनचे अंतर ध्यानात येते.

कुटुंबासाठी राहण्याची जागा निवडणाऱ्याला ड्रोनचित्रण पुरेसे आहे. खेळण्यासाठीच जाणाऱ्याने पूर्ण फेरी पाहावी. स्नेह्यांना मी फेरीचाच व्हिडिओ सुचवला, कारण त्यांचा गुडघा नुकताच बरा झाला आहे.