आप्पांना यकृत दिलं, तेव्हा मला सांभाळलेल्या भूल विभागाबद्दल

फेब्रुवारीत पुण्यातल्या एका हॉस्पिटलात मी आप्पांना माझ्या यकृताचा उजवा भाग दिला. सर्जन कसे आहेत याची घरच्यांनी साताऱ्यापासून पुण्यापर्यंत चौकशी केली. भूल कोण देणार, हे मात्र कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही. म्हणून हे फक्त भूल विभागाबद्दल. पाचपैकी चार तारे.

आठवडाभर आधी भूलतज्ज्ञ मॅडमनी मला पाऊण तास दिला. "ताई, न थांबता किती जिने चढता?" मी म्हटलं, राजवाड्याजवळ राहते, रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर मंगळाईपर्यंत जाऊन येते. त्यांनी तसंच लिहून घेतलं. (यकृतावरची चरबी उतरावी म्हणून तीन महिने कंदी पेढ्याला हात लावला नव्हता.) मग कागदावर यकृत काढून म्हणाल्या, "साधारण ६० टक्के जाईल, उरलेलं काही आठवड्यांत वाढतं. तुम्ही आजारी नाही, म्हणूनच मला तुम्हाला जास्त जपायचंय." त्या वाक्यानंतर मी त्या रात्री शांत झोपले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी उशी कवटाळून बसवलं. "मांजरीसारखी पाठ काढा." पाठीत बारीक नळी घातली, ती पुढचे दिवस वेदना थोपवायला. नळी सरकताना डाव्या मांडीत झिणझिण्या आल्या. मी "आई गं" म्हटलं तशा त्या लगेच थांबल्या, हात खांद्यावर ठेवला, मग पुढे. त्यानंतरचं मला आठवत नाही. यकृत कापताना रक्त कमी जावं म्हणून सलाईन हात राखून देतात आणि भाग निघाल्यावर कमतरता भरून काढतात, हे त्यांनी आधीच समजावलं होतं. मला बाहेरचं रक्त द्यावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाक आणि गाल खाजून खाजून लाल झाले. मी घाबरले. पाठीतल्या नळीतून जाणाऱ्या औषधाचाच परिणाम, असं मॅडमनी सांगितलं आणि मात्रा बदलली. हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पाठीतली नळी चौथ्या दिवशी निघणार होती, पण यकृत कापल्यावर रक्त गोठायला वेळ लागतो. तपासणी नीट येईपर्यंत त्यांनी ती काढली नाही. पाचव्या दिवशी निघाली. मला वाट पाहणं जड गेलं, पण घाई केली असती तर मणक्यात रक्तस्राव होण्याचा धोका होता.

एक तारा कापला तो दुसऱ्या रात्रीसाठी. नळीतून औषध सोडणारा पंप वाजायला लागला आणि अर्धा तास कुणी आलं नाही. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "आम्हाला याला हात लावायची परवानगी नाही." तोपर्यंत बरगड्यांखाली पेटल्यासारखं झालं होतं, खोकलाही येईना. ड्युटीवरचे डॉक्टर आले आणि दहा मिनिटांत आराम पडला, पण तो अर्धा तास मी विसरणार नाही.

आपल्याकडून कुणी यकृत द्यायला निघालं असेल, तर भूलतज्ज्ञांची वेगळी वेळ मागून घ्या, आणि विचारा: रात्री दोन वाजता पंप वाजला तर कोण येणार, आणि किती वेळात?