महामार्गावरची सुशी आणि भंडाऱ्याचा तांदूळ

भाताच्या जिल्ह्यात परदेशी पद्धतीचा भात विकायला बसणे हे धाडसच आहे, आणि साकोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या कडेला थाई, चिनी व जपानी पदार्थ देणाऱ्या या साध्या उपाहारगृहाने ते केले आहे.

थाई ग्रीन करी येथे खरोखर जमली आहे. नारळाच्या दुधात गवती चहाचा सुगंध पुरता उतरला होता; मात्र गलांगल, म्हणजे आपल्या कुळिंजनाच्या जातीचा कंद, न वापरता नुसत्या आल्याने भागवल्याचे पहिल्याच घासाला जाणवले. या करीत फिश सॉस असतो हे वाढप्याने स्वतःहून सांगितले आणि शाकाहारी मंडळींसाठी ती वेगळी करून दिली, याचे मला विशेष कौतुक वाटले.

सुशीबाबत, म्हणजे भाताच्या जपानी गुंडाळीबाबत, मात्र निराशा झाली. सुशीला आखूड दाण्याचा चिकट तांदूळ लागतो आणि तो शिजल्यावर त्यात व्हिनेगर, साखर व मीठ मिसळतात; येथे बहुधा घरचाच मोकळा तांदूळ घेतल्यामुळे गुंडाळी चॉपस्टिकने उचलताच ताटलीत विखुरली. (त्याच तांदळावर वरण घेतले असते, तर तक्रारीला जागाच नव्हती.) सोबतची वसाबी, म्हणजे झणझणीत हिरवी जपानी चटणी, बहुतेक ठिकाणी असते तशी, खऱ्या वसाबीऐवजी हिरवा रंग दिलेल्या हॉर्सरॅडिश या तिखट मुळाची असावी, पण नाकात झणका आणण्याचे काम तिने चोख केले.

चिनी विभागात मंचुरियन आणि हाका नूडल्स आहेत, म्हणजे तो भारतीयच आहे. दोघांचे बिल साडेसहाशे रुपये झाले. करीसाठी मी पुन्हा जाईन.