एसटीपीवरचं मेसेज स्क्रीनिंग: दीड वर्ष वापरल्यावरचं माझं मत

मी मोबाइल नेटवर्कच्या सिग्नलिंग कोअरवर काम करते. आमच्या दोन एसटीपींवर (सिग्नलिंगचे मेसेज पुढे पाठवणाऱ्या राउटरवर) येणारे मेसेज रूलनुसार तपासून अडवणारं हे स्क्रीनिंग मॉड्यूल दीड वर्ष चालू आहे आणि त्यातले बहुतेक रूल मीच लिहिलेत. खाली तक्रारीही आहेत, म्हणून उत्पादनाचं नाव देत नाही. पण या प्रकारचं मॉड्यूल घेणाऱ्यांना नेमकं काय तपासून घ्यायचं ते यातून कळेल.

गरज का पडली ते थोडक्यात. एसएस7 (टेलिफोन नेटवर्कांची आपसातली सिग्नलिंगची भाषा) बांधलं गेलं तेव्हा नेटवर्कला जोडलेला प्रत्येक जण विश्वासाचा असं धरलेलं होतं. डिसेंबर 2014 मध्ये हॅम्बुर्गच्या केऑस काँग्रेस या हॅकर परिषदेत कुणाचाही ठावठिकाणा आणि कॉल बाहेरून कसे मिळवता येतात ते जाहीरपणे दाखवलं गेलं. 2017 मध्ये जर्मनीत बँकेचे एसएमएस कोड याच वाटेनं वळवून खात्यांतून पैसे काढल्याचं उघड झालं. त्यानंतर इंटरकनेक्टच्या लिंकसेटवर (दुसऱ्या ऑपरेटरांशी जोडणाऱ्या लिंकच्या गटावर) राखणदार हवाच हे पटवून द्यायला मला फार बोलावं लागलं नाही.

रूलची रचना साखळीची आहे. आधी ओपीसीचा (पाठवणाऱ्या नोडचा पॉइंट कोड, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता) तक्ता, मग एसआयओ (मेसेज कुठल्या सेवेचा), मग डीपीसी (घेणाऱ्या नोडचा पॉइंट कोड), मग कॉलिंग पार्टी आणि कॉल्ड पार्टी (वरच्या थरातले पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे पत्ते). प्रत्येक ओळीत ‘पुढे कुठल्या तक्त्याकडे जायचं’ ते लिहावं लागतं आणि तो पुढचा तक्ता आधीपासून अस्तित्वात असावा लागतो. म्हणजे लिहायला शेवटापासून बसायचं. पहिला आठवडा मी प्रत्येक साखळी आधी कागदावर काढून घेत होते. एकदा हात बसला की हीच रचना आवडायला लागते, कारण ज्याची ओळ नाही तो मेसेज आपोआप अडतो. विसरलेली गोष्ट उघडी राहत नाही, बंद राहते.

पहिल्याच लिंकसेटवर मी एसआयओच्या तक्त्यात सर्व्हिस इंडिकेटर 3, म्हणजे फक्त एससीसीपी (रोमिंग, एसएमएस वगैरेच्या विनंत्या वाहून नेणारा थर), लिहून सेव्ह केलं. मॉड्यूलनं लगेच इशारा दिला: इंडिकेटर 0 बंद आहे. ते बरोबरच होतं. 0 म्हणजे नेटवर्क मॅनेजमेंट. ते अडवलं असतं तर पलीकडचा मार्ग तुटल्याचा टीएफपी मेसेज आमच्यापर्यंत आलाच नसता आणि आम्ही मेलेल्या मार्गावर मेसेज ढकलत बसलो असतो. मात्र 0 सरसकट सोडूनही चालत नाही. पार्टनर ऑपरेटरनं आमच्याच पॉइंट कोडबद्दल टीएफपी पाठवायचं काही कारण नाही. ‘बाधित पॉइंट कोड’चा वेगळा तक्ता त्यासाठीच आहे आणि तो उत्तम चालतो.

या उत्पादनाचं खरं मोल मला कळलं ते निरीक्षण मोडमध्ये. या मोडमध्ये रूल तपासले जातात, काउंटर वाढतो, लॉग पडतो, पण मेसेज अडत नाही. एका रोमिंग पार्टनरच्या लिंकसेटवर मी कॉल्ड पार्टीत फक्त नंबरिंग प्लॅन 1, म्हणजे ई.164 (नेहमीच्या फोन नंबरांची पद्धत), ठेवला होता. तिसऱ्या दिवशी काउंटरवर 41 दिसले. लॉगमधला एक मेसेज उघडून हेक्स वाचायला बसले. ट्रान्सलेशन टाइपच्या पुढच्या बाइटमध्ये 12 असायला हवं होतं, तिथे 72 होतं, म्हणजे नंबरिंग प्लॅन 1 नाही, 7. एसएसएन 6 (म्हणजे एचएलआर, ग्राहकांच्या मूळ नोंदींचा डेटाबेस), ऑपकोड (विनंतीचा प्रकार) 2, म्हणजे अपडेट लोकेशन. म्हणजे आमचेच ग्राहक परदेशात उतरून फोन चालू करत होते आणि तिथला व्हीएलआर (पाहुण्या ग्राहकांच्या नोंदींचा डेटाबेस) त्यांच्या आयएमएसआयवरून (सिममधल्या ओळख क्रमांकावरून) बनवलेल्या ई.214 पत्त्यावर आमच्या एचएलआरला अपडेट लोकेशन पाठवत होता. हा रूल तसाच लागू झाला असता तर सुक्याबरोबर ओलंही जळालं असतं आणि त्या 41 विनंत्यांमागच्या माणसांच्या फोनवर नेटवर्क आलं नसतं. मी प्लॅन 7 ची ओळ घातली आणि आणखी चार दिवस नुसती बघत राहिले.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी: निरीक्षण मोड लिंकसेटला लागतो, एकेका रूलला नाही. चालू लिंकसेटवर एक नवा रूल घालायचा तर एक तर सगळं संरक्षण खाली ठेवा, नाही तर नवा रूल न बघता लागू करा. मी वाट काढली आहे. नव्या रूलची ओळ आधी ‘मोजा आणि जाऊ द्या’ अशा वेगळ्या तक्त्याकडे वळवते, आठवडाभर काउंटर बघते, मग खरी दिशा देते. चालतं, पण दर वेळी साखळीला दोनदा हात लावावा लागतो आणि रात्रीच्या मेन्टेनन्स विंडोत चूक व्हायला तेवढं पुरतं.

दुसरी तक्रार एमएपीच्या (या रोमिंग-एसएमएसच्या विनंत्यांच्या प्रोटोकॉलच्या) भागाची. ऑपकोडचा फिल्टर सुरुवातीला फक्त लोकल ऑपकोड वाचायचा. टेस्ट बेंचवर मी तीच विनंती ग्लोबल ऑपकोडच्या रूपात पाठवली आणि ती सरळ आत गेली. तसंच, रूल मुळात फक्त यूडीटीला (एससीसीपीच्या साध्या मेसेजला) लागतात, एक्सयूडीटीसाठी (त्याच्या विस्तारित रूपासाठी) वेगळी खूण करावी लागते, आणि मॅन्युअलमध्ये ही ओळ परिशिष्टात आहे. सपोर्टनं दोन्ही गोष्टी मान्य केल्या, पण ऑपकोडचा पॅच यायला पाच महिने लागले. घेण्याआधी या दोन्ही चाचण्या तुम्ही स्वतःच्या बेंचवर करून बघाच.

जीएसएमए या मोबाइल ऑपरेटरांच्या संघटनेच्या एफएस.11 या एसएस7 सुरक्षेच्या मार्गदर्शिकेमधल्या तीन वर्गांच्या अंगानं पाहायचं तर पहिला वर्ग इथे सहज होतो. एनी टाइम इंटरोगेशन (ऑपकोड 71, ग्राहकाचा ठावठिकाणा विचारणारं) आणि सेंड आयएमएसआय (58) इंटरकनेक्टवरून यायचं सहसा कारण नसतं. एका दुपारीत ते बंद झाले. दुसऱ्या वर्गात प्रोव्हाइड सबस्क्रायबर इन्फो (70) किंवा इन्सर्ट सबस्क्रायबर डेटा (7) पाठवणारा खरोखर त्या ग्राहकाचं होम नेटवर्क आहे का, हे आतल्या आयएमएसआयची कॉलिंग जीटीशी (पाठवणाऱ्याच्या ग्लोबल टायटलशी, म्हणजे पत्त्याच्या क्रमांकाशी) जुळणी करून बघावं लागतं. मॉड्यूल ते करतं, पण जुळणीचा तक्ता आपल्याला सांभाळावा लागतो आणि पार्टनरचं आयआर.21 (त्याच्या नेटवर्कच्या पत्त्यांची रोमिंग फाइल) बदललं की तोही बदलावा लागतो. फाइल आयात नीट चालते, यासाठी मी आभारी आहे. तिसरा वर्ग, म्हणजे ग्राहक तासाभरापूर्वी एका खंडात होता, मग आत्ता दुसऱ्या खंडातून अपडेट लोकेशन कसं, हे या मॉड्यूलला कळत नाही. मागची नोंद त्याच्याकडे नसते. त्याला वेगळा सिग्नलिंग फायरवॉल लागतो. एवढंच घेऊन काम भागेल असं कुणी विक्रेता सांगत असेल तर ते मानू नका.

एसएमएससाठीचं एसआरआय (45, म्हणजे एसएमएस कुठे पोचवायचा ते विचारणारी विनंती) ही वेगळीच गोष्ट. ते अडवलं तर बाहेरचे एसएमएस येणं बंद, सोडलं तर आयएमएसआय बाहेर जातो. आम्ही ते होम राउटिंगकडे (खरा आयएमएसआय न देता बाहेरचे एसएमएस आपल्याच नेटवर्कमधून पोचवणाऱ्या व्यवस्थेकडे) वळवलंय. इथे फक्त पाठवणाऱ्याची जीटी तपासतो.

नाकारलेल्या मेसेजचं काय करायचं हे रूलनिहाय ठरवता येतं: गुपचूप टाकून द्या किंवा उत्तर पाठवा. संशयित ऑपकोडला आम्ही काहीच उत्तर देत नाही. पण पार्टनरच्या साध्या चुकीला एरर परत पाठवतो, म्हणजे पलीकडच्या इंजिनिअरला टाइमआउटच्या मागे दिवस घालवावे लागत नाहीत.

रूलच्या नावाला आठच अक्षरं आणि शेऱ्याला जागा नाही, हे मला अजून खुपतं. कुठली ओळ का घातली ते मी वेगळ्या शीटमध्ये तारखेसह लिहून ठेवते आणि शिफ्ट बदलताना ती शीट आधी उघडून देते.

आम्ही करार वाढवला आहे. रूलनिहाय निरीक्षण मोड पुढच्या आवृत्तीत देऊ असं त्यांनी लेखी दिलंय, आणि ते आलं की मी पहिल्यांदा त्या 41 वाल्या लिंकसेटवरच वापरून बघणार आहे.