एपीसीयूपीएसडी की नट? लिनक्स सर्व्हरला यूपीएस जोडण्याआधी

"मुंबईत लाईट जाते कुठे? यूपीएस आहे, पुरे झालं." दादरच्या एका सीए ऑफिसात सर्व्हर बसवताना तिथल्या मोठ्या साहेबांनी मला हे सांगितलं होतं. त्यांचं अर्धं बरोबर होतं. इथे लाईट जाते ती बहुतेक वेळा क्षणभर, आणि तेवढं कुठलाही यूपीएस निभावतो. पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिड बसली तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या आणि लाईट यायला कित्येक ठिकाणी तास लागले. पावसाळ्यात मीटर रूममध्ये पाणी शिरलं, तर सुरक्षेसाठी अख्ख्या इमारतीचा पुरवठा बंद ठेवतात. अशा दिवशी ६०० व्हीएचा यूपीएस काही मिनिटं तग धरतो आणि मग सर्व्हर धाडकन बंद पडतो. त्या मिनिटांत यूपीएसनं सर्व्हरला कळवायला हवं, आणि सर्व्हरनं डेटाबेस नीट मिटवून स्वतःहून बंद व्हायला हवं.

लिनक्स आणि फ्रीबीएसडी या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे काम करणारी दोन मोफत सॉफ्टवेअर आहेत: एपीसीयूपीएसडी आणि नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स. मी दोन्ही वर्षानुवर्षं चालवली आहेत. कुठलं घ्यायचं ते बऱ्याच अंशी यूपीएसच्या पाठीवर ठरतं, म्हणून आधी तिथे बघा.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात यूपीएस घ्यायला गेलात तर दुकानदाराला "बॅकअप किती?" विचारण्याआधी "डेटा पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी बोलायचं भोक, आहे का?" हे विचारा. घरगुती मॉडेलांपैकी अनेकांना तो नसतोच. पाठीमागे टेलिफोनच्या वायरसारखं भोक दिसलं म्हणून खूश होऊ नका. ते बहुधा फोन लाईनला विजेच्या झटक्यापासून वाचवण्यासाठी असतं, त्यातून माहिती येत नाही. उलट एपीसी या कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांवर लॅनच्या सॉकेटसारखं दिसणारं भोक हाच खरा डेटा पोर्ट असतो. त्याला दहा पिनांची वेगळी केबल लागते, साधी लॅन केबल चालत नाही. ती बहुधा खोक्यातच येते, फेकू नका. एपीसीच्याच जुन्या स्मार्ट-यूपीएस मॉडेलला जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट असेल तर जास्तच जपा. कपाटात पडलेली साधी सीरियल केबल त्याला लावली की यूपीएस तिथल्या तिथे बंद होऊ शकतो. चालू सर्व्हरवर हा प्रयोग करू नका.

केबल जोडली की सर्व्हरवर यूएसबी उपकरणांची यादी पाहा. ०५१डी हा आकडा दिसला तर यूपीएस एपीसीचा आहे, ०७६४ म्हणजे सायबरपॉवर, ०४६३ म्हणजे ईटन. ०६६५ दिसला तर आत बहुधा एक सर्वसाधारण सायप्रेस चिप आहे. कमी किमतीच्या पुष्कळ यूपीएसमध्ये हीच सापडते.

यूपीएस एपीसीचा आणि सर्व्हर एकच असेल, तर एपीसीयूपीएसडी घ्या. एकच सेटिंग फाईल, तीत केबल यूएसबी, प्रकार यूएसबी, डिव्हाइसची ओळख कोरी. सेवा सुरू करून स्थिती विचारली की बॅटरी किती टक्के, भार किती टक्के, अंदाजे किती मिनिटं शिल्लक, सगळं समोर येतं. चहा थंड व्हायच्या आत काम होतं. शिवाय बंद कधी व्हायचं याच्या तीन अटी त्याच फाईलमध्ये असतात: बॅटरी ५ टक्क्यांवर आली, ३ मिनिटं उरली, किंवा लाईट जाऊन ठरावीक सेकंद झाले. जी आधी पूर्ण होईल ती लागू. तिसरी अट मुळात शून्य, म्हणजे बंद असते. ती सुरू करा, असं मी कळकळीनं सांगेन.

याचं कारण त्याच सीए ऑफिसात कळलं. सर्व्हर एसी नसलेल्या कोपऱ्यात, यूपीएस टेबलाखाली, बॅटरी अडीच वर्षांची. स्क्रीनवर १८ मिनिटं दिसत होती. मे महिन्यात एके दिवशी लाईट गेली आणि आकडा १८, १५, ११ असा उतरत असतानाच यूपीएसनं तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मान टाकली. सर्व्हर ५ टक्क्यांची वाट पाहत बसला होता. यूपीएसमधल्या या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्यांचं आयुष्य तापमान सुमारे १० अंशांनी वाढलं की जवळपास निम्मं होतं, आणि म्हाताऱ्या बॅटरीचा टक्का विश्वासाचा राहत नाही. घड्याळ मात्र फसवत नाही. आता तिथे लाईट जाऊन १२० सेकंद झाले की सर्व्हर बंद व्हायला सुरुवात होते. क्षणभराची लाईट त्याआधीच परत आलेली असते, आणि दोन मिनिटांत न आलेली किती वेळानं येईल ते कोणाला सांगता येतं?

नटमध्ये हीच गोष्ट जरा खटाटोपाची आहे. यूपीएसचा पहारेकरी यूपीएसमॉन एरवी "बॅटरीवर आहे" आणि "बॅटरी कमी आहे" या दोन्ही खुणा एकत्र येईपर्यंत थांबतो. ठरावीक सेकंदांनी बंद करायचं असेल तर यूपीएसशेड नावाचा सोबती वेगळा बसवावा लागतो: त्याची स्वतःची फाईल आणि वर एक छोटी स्क्रिप्ट. पहिल्यांदा करताना माझा अर्धा दिवस गेला. फाईलीही चार-पाच: ड्रायव्हरची एक, सर्व्हरची एक, वापरकर्त्यांची एक, पहारेकऱ्याची एक. यूएसबीच्या परवानगीवरून ड्रायव्हर रुसला तर केबल काढून परत लावणं हा पहिला उपाय, आणि तो बऱ्याचदा लागू पडतो.

तरीही बहुतेकांना मी नटच सुचवतो. लोकांकडे एपीसी सोडून इतर कंपन्यांचे यूपीएस असतात आणि एपीसीयूपीएसडी मुख्यतः एपीसीसाठीच बनलेलं आहे. नटमध्ये ड्रायव्हरांची, म्हणजे वेगवेगळ्या यूपीएसशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची, मोठी फौज आहे. त्या स्वस्त सायप्रेसवाल्या यूपीएससाठी नटड्रव्ह-क्यूएक्स नावाचा ड्रायव्हर आहे. तो यूपीएसला "क्यू१" असं विचारतो, आणि उत्तरात व्होल्टेज, भार, फ्रिक्वेन्सी व शेवटी आठ शून्य-एक येतात. त्यातला पहिला आकडा १ झाला की लाईट गेली, दुसरा १ झाला की बॅटरी संपत आली. बॅटरीचा टक्का मात्र हे यूपीएस सहसा सांगतच नाहीत. नट तो व्होल्टेजवरून अंदाजानं काढतं. त्यामुळे अशा यूपीएसवर यूपीएसशेडचा खटाटोप टाळू नका.

मशिनं एकापेक्षा जास्त झाली की पारडं सरळ नटकडे झुकतं. एपीसीयूपीएसडीसुद्धा ३५५१ या नेटवर्क पोर्टवरून दुसऱ्या मशिनांना स्थिती देतं, पण तिथे पासवर्डची सोय नाही. नट ३४९३ पोर्टवर नाव-पासवर्डानिशी बोलतं. आधी दुय्यम मशिनं बंद होतात, मुख्य त्यांच्यासाठी थांबतं आणि शेवटी स्वतः बंद होतं. सिनॉलॉजीचे नॅस (नेटवर्कवर फाईली साठवणारी यंत्रं) आणि ट्रूनॅस आतून नटच वापरतात, त्यामुळे घरात नॅस असेल तर तुम्ही आधीच अर्ध्या वाटेवर आहात. यात एक चूक मी दोन ठिकाणी पाहिली: सर्व्हर यूपीएसवर, पण मधला नेटवर्क स्विच भिंतीतल्या सॉकेटवर. लाईट गेली की स्विच आधी बंद, मग निरोप कोण पोचवणार?

सॉफ्टवेअरचं वयही बघायला हवं. एपीसीयूपीएसडीची ३.१४.१४ ही आवृत्ती २०१६ ची, आणि ती आजही इमानानं चालते. नटचं काम मात्र सुरू आहे, २.८.० ही २०२२ मध्ये आली. नव्या स्मार्ट-यूपीएसला साध्या यूएसबीवर माहिती तुटपुंजी मिळते. पूर्ण माहितीसाठी त्याच्या पॅनलवर मॉडबस नावाची संवादाची पद्धत सुरू करावी लागते. एपीसीयूपीएसडीला ती वाचता येते. नटला हवी असेल तर नवी आवृत्ती लागते.

दोन्हींपैकी काहीही घ्या, एक गोष्ट तपासल्याशिवाय उठू नका. सर्व्हर बंद झाला आणि मिनिटभरात लाईट आली, तर तो परत सुरू होईल का? यूपीएसनं वीज तोडलीच नसेल तर सर्व्हरच्या दृष्टीनं लाईट कधी गेलीच नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, "वीज आली की सुरू हो" असं लिहिलेलं असूनही तो सोमवारी सकाळपर्यंत गप्प बसून राहतो. म्हणून बंद होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात सर्व्हरनं यूपीएसला "आता माझीही वीज तोड" असा हुकूम द्यायचा असतो. एपीसीयूपीएसडीत याला किलपॉवर म्हणतात. नटमध्ये पहारेकरी खुणेची फाईल ठेवतो आणि ती पाहून ड्रायव्हर हुकूम सोडतो. दोन्हीकडे ही सोय आहे, पण तुमच्या मशिनवर ती खरंच चालते की नाही ते फाईल वाचून कळत नाही.

त्यासाठी एक रविवार काढा. बॅकअप घ्या, ऑफिसात कोणी नाही याची खात्री करा आणि भिंतीवरचा यूपीएसचा स्विच बंद करा. सर्व्हर बंद होताना पाहा, यूपीएसचा आवाज थांबेपर्यंत थांबा, मग स्विच चालू करा आणि पॉवर बटणाला हात न लावता उभे राहा. दादरला तिसऱ्या प्रयत्नात तो आपणहून उठला. साहेब तेव्हा शेजारीच उभे होते, आणि त्याच आठवड्यात त्यांनी नवी बॅटरी मागवली.