अलकापुरीतील मेंदू-संगणक उपचार: एका रुग्णाच्या घरच्यांचे परीक्षण

पक्षाघातानंतर काकांच्या उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती, म्हणून बडोद्यातील अलकापुरी भागातल्या एका न्यूरो-रिहॅब केंद्रात मेंदू-संगणक जोडणीवर आधारलेले उपचार आम्ही घेतले.

उपचाराच्या वेळी डोक्यावर इलेक्ट्रोडची, म्हणजे मेंदूचे विद्युत संकेत टिपणाऱ्या चकत्यांची, टोपी चढवतात, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरतात आणि हाताला मोटरवर चालणारा हातमोजा घालतात. मूठ उघडण्याची नुसती कल्पना केली, तरी उजवा हात चालवणाऱ्या, मेंदूच्या डाव्या भागातील हालचाल-क्षेत्रावर ८ ते १२ हर्ट्झच्या ‘म्यू’ नावाच्या विद्युत लहरीचा जोर घटतो. ही घट संगणकाने ओळखली की हातमोजा लगेच बोटे उघडतो. इच्छा आणि हालचाल यांची वेळ अशी वारंवार जुळत राहिल्याने मेंदूला नवे मार्ग घडवण्यास मदत होते, हे या उपचारामागचे तत्त्व आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने २०२१ मध्ये मंजूर केलेले इप्सिहँड हे उपकरणही याच वाटेचे आहे. मात्र ते मेंदूच्या निरोगी बाजूचे संकेत वापरते.

केंद्राचे खरे बळ तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताई आहेत. मेंदूचे हे संकेत मायक्रोव्होल्टमध्ये मोजावे लागतात आणि पापणी मिटली किंवा दात आवळले तरी त्याहून मोठी खळबळ पडद्यावर उमटते. ताई ही खळबळ लगेच ओळखत आणि, "काका, जबडा सैल सोडा, फक्त बोटांकडे लक्ष द्या," असे न कंटाळता सांगत. एवढी आस्था मला इतरत्र क्वचितच दिसली.

माहितीपत्रकाबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. त्यात ‘विचार वाचणारे यंत्र’ असे छापले असून शेजारी मेंदूत बसवायच्या चिपचे चित्र आहे. न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा माणसात बसवलेल्या उपकरणाचे १,०२४ इलेक्ट्रोड शस्त्रक्रियेने मेंदूतच रोवलेले असतात. कवटीवरची टोपी इतके बारकावे टिपू शकत नाही. आधीच धास्तावलेल्या कुटुंबासमोर या दोन गोष्टींची सरमिसळ करणे गैर आहे. शुल्काचा तपशीलही आधी लेखी मिळायला हवा होता.

काकांची बोटे आता थोडी उघडतात आणि पेला धरता येतो. नेहमीचा व्यायामही सोबत चालू होता, त्यामुळे सगळे श्रेय यंत्राला देता येणार नाही. तरीही मी हे केंद्र सुचवीन. हाताच्या क्षमतेची उपचारापूर्वीची आणि नंतरची मोजणी आग्रहाने मागून घ्यावी, आणि वेळ सकाळची घ्यावी, कारण दुपारी काका थकलेले असत आणि संगणकाला त्यांचा संकेत नीट पकडता येत नसे.