रंगवलेले प्रवाळ आणि माझ्या पाण्यावर ढकललेला दोष

घरच्या समुद्री टाकीत प्रवाळ पाळणाऱ्या माणसाच्या मनात स्वतःच्या पाण्याविषयी कायम थोडी धाकधूक असते, आणि माझी फसवणूक नेमकी त्या धाकधुकीच्या आधारानेच झाली. एका विक्रेत्याने मला फिकट पडलेले, उपासमारीला लागलेले प्रवाळ कृत्रिम रंग देऊन निरोगी म्हणून विकले. तो रंग उतरू लागला तेव्हा त्याने दोष माझ्या पाण्याला दिला आणि त्या दोषावर उपाय म्हणून एक पांढरी पूड विकली. त्या पुडीने माझ्या टाकीत तीन वर्षे नीट वाढत असलेल्या दुसऱ्या प्रवाळांनाही इजा झाली. नुकसान सोसून झाले आहे, पण हाच प्रकार दुसऱ्या कुणाच्या बाबतीत पहिल्या दिवशीच ओळखता यावा, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

माझी टाकी २०० लिटरची आहे. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) १.०२५, तापमान २५ अंश सेल्सिअस, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता, जी डीकेएच या एककात मोजतात) ८ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास असते. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमपर्यंत असते. हे आकडे कौतुकासाठी सांगत नाही. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच आणि कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम असते, म्हणजे माझे पाणी त्याच्या जवळचेच होते. याहून महत्त्वाचे म्हणजे ते महिनोन्महिने तिथेच स्थिर होते. पुढे जे झाले ते समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

मला ट्रॅकीफिलिया हवे होते. हे वाळूवर सुटे बसणारे, घड्यांचे, मेंदूसारखे दिसणारे प्रवाळ आहे. खाली शंकूसारखा कठीण सांगाडा असतो आणि वर मांसल, फुगणारा भाग असतो. विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रात ते झगझगीत गुलाबी दिसत होते. छायाचित्र फक्त निळ्या दिव्याखाली काढलेले होते, आणि पांढऱ्या प्रकाशातले छायाचित्र मागण्याचे मला सुचले नाही. ते ‘टाकीत वाढवलेले’ असल्याचे त्याने सांगितले, आणि तेही मी तपासून पाहिले नाही. वास्तविक बाजारातले बहुतांश ट्रॅकीफिलिया समुद्रातूनच काढलेले असते. कठीण सांगाड्याची प्रवाळे १९७५ पासून अमलात असलेल्या साइट्स (धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, त्यामुळे ती एका देशातून दुसऱ्या देशात नेताना परवान्याची कागदपत्रे लागतात. ‘हे कुठून आले?’ या प्रश्नाला प्रामाणिक विक्रेत्याजवळ नेमके उत्तर असते.

प्रवाळ घरी आले तेव्हा पिशवीतले पाणी पांढऱ्या बादलीत ओतताच त्याला फिकट गुलाबी झाक असल्याचे दिसले. मी लगेच विचारले. ‘प्रवासात प्रवाळ श्लेष्मा सोडते, तो त्याच रंगाचा असतो,’ असे उत्तर मिळाले. श्लेष्मा सुटतो हे खरे आहे, परंतु तो पारदर्शक किंवा दुधाळ असतो. जिवंत प्रवाळाचा रंग असा पाण्यात विरघळत नाही. एवढ्या एका खुणेवरून मी ते परत करायला हवे होते.

रंग देऊन प्रवाळ विकण्यात एवढे वाईट काय, असे नवख्या माणसाला वाटू शकते, म्हणून त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो. प्रवाळ हा प्राणी आहे, परंतु त्याच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहते. हे शैवाल सोनेरी तपकिरी असते आणि प्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. अनेक प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज त्यातूनच भागते. पाणी तापले, प्रकाशाचा धक्का बसला किंवा प्रवासात हाल झाले, तर प्रवाळ हे शैवाल गमावते. मग मांसल भाग पारदर्शक होतो आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. त्या अवस्थेत प्रवाळ मेलेले नसते, पण त्याचे स्वयंपाकघर बंद पडलेले असते. ज्या फिकट प्रवाळात स्वतःची चमकणारी प्रथिने शिल्लक असतात, ते तपकिरी शैवालाचे आच्छादन गेल्यामुळे निळ्या प्रकाशात उलट अधिकच झळाळते, आणि फक्त निळ्या दिव्याखालच्या छायाचित्रांवर विसंबणाऱ्या माणसाला तेच आरोग्य वाटते.

असे पांढरे पडलेले प्रवाळ कुणी घेत नाही, म्हणून त्याला रंग चढवतात. रंगामुळे आजार झाकला जातो, हा अपराधाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा अधिक क्रूर आहे: पेशींमध्ये जे थोडे शैवाल उरलेले असते, त्याच्यापर्यंत पोहोचायचा प्रकाश हा रंग अडवतो. घेणाऱ्याला वाटते की आपण तंदुरुस्त प्राणी आणला आहे, म्हणून तो त्याला ठरलेल्या प्रकाशात ठेवतो आणि वेगळे खाऊ घालत नाही. उपाशी प्राण्याला खाऊ घालायला हवे हे ज्याला कळायचे, त्याच्यापासूनच ती उपासमार लपवलेली असते. मला सर्वांत जास्त संताप येतो तो याचा.

पाचव्या दिवशी स्किमरच्या (फेसातून पाण्यातली घाण वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) पेल्यातल्या, एरवी तपकिरी हिरवट असणाऱ्या द्रवाला लालसर छटा आली. सम्पमधला (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीतला) पांढरा फिल्टर फ्लॉस, म्हणजे गाळणीचा कापूस, गुलाबी डागांनी भरला. दहाव्या दिवशी प्रवाळाच्या कडा पांढुरक्या दिसू लागल्या. मी विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘तुमच्या पाण्याचे आकडे सांगा.’ मी सगळे आकडे दिले. ‘फॉस्फेट आहे ना? त्यानेच रंग उतरतो. शिवाय तुमची अल्कलिनिटी कमी आहे, या जातीला ११ लागते.’ दोन्ही विधाने चुकीची होती. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जास्त झाले तर पेशींतले शैवाल वाढते आणि प्रवाळ तपकिरी होते. गुलाबी रंग धुऊन पांढरा पडत नाही. ८ डीकेएच अल्कलिनिटी ट्रॅकीफिलियाला उत्तम मानवते. हे मला माहीत असूनही मी त्या क्षणी ते विसरलो, कारण समोरचा माणूस ठामपणे बोलत होता आणि प्रवाळ माझ्या टाकीत, माझ्या डोळ्यांसमोर खंगत होते. कोणत्याही टाकीतला एखादा आकडा पुस्तकातल्या आकड्यापेक्षा थोडा इकडेतिकडे असतोच, त्यामुळे विक्रेत्याला दोष ठेवायला जागा नेहमीच सापडते. मात्र त्याच पाण्यात वाढणाऱ्या इतर प्रवाळांविषयी त्याने एकदाही विचारले नाही, आणि मीही ती साक्ष पुढे केली नाही.

मग ती पूड आली. डबीवर रंगीत प्रवाळाचे चित्र होते, घटक कोणते हे कुठेही लिहिलेले नव्हते, आणि रोज एक चमचा पाण्यात विरघळवून टाकीत घालण्याची सूचना होती. चार दिवस मी ती पाळली. पाचव्या दिवशी अल्कलिनिटी मोजली तर ती ११.५ डीकेएच निघाली. अल्कलिनिटी गरज नसताना मुळीच चढवू नये, हा साधा नियम मी सलग चार दिवस मोडत होतो. नायट्रेट आणि फॉस्फेट कमी असलेल्या पाण्यात अशी चढ ॲक्रोपोरासारख्या नाजूक प्रवाळांना सोसत नाही. माझ्या दोन ॲक्रोपोरांच्या फांद्यांची टोके पांढरी पडली आणि त्यांच्यावरचा जिवंत थर सुटून खालचा सांगाडा उघडा झाला.

त्या दिवशी मी पूड तपासली, आणि ही तपासणी कुणालाही घरी करता येते. चिमूटभर पुडीवर व्हिनेगर टाकले तर ती फसफसली. मग १० लिटर आरओडीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात, ज्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे माप) शून्य होता, ३ ग्रॅम पूड विरघळवली आणि नेहमीच्याच टेस्ट किटने मोजले. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शून्य आले, आणि अल्कलिनिटी ९ ते १० डीकेएचच्या दरम्यान आली. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, याच प्रमाणात विरघळवला तर जवळपास हाच आकडा येतो, कारण १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला साधारण ३ ग्रॅम सोडा पुरतो. सोडा हा काही वाईट पदार्थ नाही. अल्कलिनिटी खरोखर घटली असेल तेव्हा आपण सगळेच तो वापरतो. परंतु त्याला रंगाचे औषध म्हणणे आणि मोजमाप न सांगता रोज घालायला लावणे ही फसवणूकच आहे.

प्रवाळ रंगवलेलेच होते याची खात्री मात्र मला सर्वांत शेवटी झाली. ते वाळूत बसलेले असल्याने त्याची खालची बाजू पाहण्याची वेळच आली नव्हती. मी हातमोजे घालून ते हलकेच उचलले. सांगाड्याचा शंकू खालपर्यंत गुलाबी होता. यावर विक्रेत्याचे म्हणणे होते की ती कोरलाइन शैवालाची पुटे आहेत. कोरलाइन शैवालही गुलाबी असते, त्यामुळे हा आक्षेप खोडून काढणे भाग होते. कोरलाइनचे पूट वरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी पातळ कवचासारखे धरते, आणि खरवडले की खाली पांढरा सांगाडा लागतो. इथे रंग एकसारखा होता, बारीक छिद्रांच्या आतही होता, आणि उघड्या पडलेल्या कडेचा तुटलेला कपचा आतूनही गुलाबी निघाला. ट्रॅकीफिलियासारख्या प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा आणि पांढरा असतो. सजीवाचा रंग त्याच्या मांसल भागात असतो. तो कपचा मी गोड्या पाण्याच्या काचेच्या बाटलीत टाकला, आणि दुसऱ्या दिवशी ते पाणीही गुलाबी झाले होते.

हे सगळे छायाचित्रांसह कळवल्यावर विक्रेत्याने एकच ओळ लिहिली, ‘तुमच्या पाण्यात गेल्यावरची जबाबदारी आमची नाही,’ आणि त्यानंतर उत्तर देणेच बंद केले. व्यवहाराचा पुरावा म्हणून माझ्याजवळ फक्त निळ्या प्रकाशातले ते पहिले छायाचित्र होते. पिशवी उघडतानाचे चित्रीकरण असते, त्यात गुलाबी पाणी आणि सांगाड्याची खालची बाजू दिसत असती, तर त्याला असे हात झटकता आले नसते. म्हणून आता कोणताही जीव घरी आला की पिशवी बंद असल्यापासून ती पांढऱ्या भांड्यात रिकामी होईपर्यंतचे सलग चित्रीकरण मी करतो.

विकत घेण्याआधी काय पाहावे, हेही आता अनुभवाने सांगता येते. पांढऱ्या प्रकाशातले, कुठलीही फेरफार न केलेले छायाचित्र मागावे आणि त्यात सांगाड्याची कड व खालची बाजू दिसेल असे पाहावे. निरोगी ट्रॅकीफिलियात तोंडाभोवतीचा रंग, घड्यांवरचे पट्टे आणि कडा यांत फरक असतो, तर रंगवलेले प्रवाळ तोंडापासून सांगाड्यापर्यंत एकाच छटेचे, हायलायटर पेन फिरवल्यासारखे दिसते. लेदर कोरल (एक प्रकारचे मऊ प्रवाळ) आणि समुद्रफुलेही अशीच रंगवून विकली जातात; ठळक पिवळे किंवा जांभळे समुद्रफूल दिसले तर विशेष सावध राहावे. प्रवाळ विक्रेत्याच्या टाकीत किती दिवस आहे हे विचारावे, आणि शक्य असेल तर ते दोन आठवडे तिथेच राखून ठेवायला सांगावे. रंग उतरायचा असेल तर त्याच्याकडेच उतरेल. प्रामाणिक विक्रेता याला हरकत घेत नाही. आणि तक्रार केल्यावर कुणी पहिल्यांदा तुमच्या पाण्यालाच दोष देऊ लागला, तर त्याच पाण्यात इतर प्रवाळे कशी आहेत हे आधी स्वतः पाहून घ्यावे. पाणी खरोखर बिघडले असेल तर एकटा नवा जीव सहसा आजारी पडत नाही. जुन्यांमध्येही लक्षणे दिसू लागतात.

पूड मी ताबडतोब बंद केली. अल्कलिनिटी मुद्दाम खाली ओढली नाही, कारण उलटा धक्काही तितकाच वाईट असतो. ती प्रवाळांच्या वापराने हळूहळू आठवर आली. सम्पमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातला रंग शोषून घेणारा कोळसा) ठेवला आणि तो दर चार दिवसांनी बदलला. ट्रॅकीफिलियाला दिव्यापासून दूर, मंद प्रवाहाच्या कोपऱ्यात हलवले. दिवे मंदावल्यावर ते खाण्याचे बारीक तंतू बाहेर काढते. त्या वेळी आठवड्यातून तीनदा बारीक चिरलेले मायसिस कोळंबीचे तुकडे चिमट्याने त्याच्या तोंडाजवळ ठेवू लागलो. सुरुवातीला ते घास सोडून देत असे. तिसऱ्या आठवड्यात त्याने पहिला तुकडा आत ओढून घेतला.

ॲक्रोपोरांपैकी एक वाचले नाही. दुसऱ्याच्या पांढऱ्या टोकांवर बुडाकडून पुन्हा जिवंत थर चढत आहे. ट्रॅकीफिलियाचा जवळपास तिसरा हिस्सा गेला, पण उरलेल्या भागातला गुलाबी रंग आता पूर्ण उतरला आहे आणि चौथ्या महिन्यात एका घडीत तपकिरी झाक दिसू लागली आहे. छायाचित्रात ती कुणाच्या नजरेत भरणार नाही, परंतु पेशींमध्ये शैवाल परत येऊ लागल्याची ती खूण आहे, आणि रोज सकाळी दिवे लागले की मी आधी तीच घडी पाहतो.